बाईंनी रंग सांगितला होता

ओढ्यातून बाहेर आल्यावर तानुबाईनं वहाणा झटकून पायांत घातल्या आणि मागं वळून पाहिलं. वच्छला अजून पाण्यातच उभी होती. फाल्गुनातलं घोट्याएवढं पाणी, पण लुगड्याचा काठ मुठीत धरून ती अशी उभी होती, जणू पूरच आला आहे.

"चाला बाई. मासोळ्या चावत नाहीत."

"येते गं मावशी. पाय भाजलेत जरा."

"पाय नाही भाजले. वाट सरूच नाही असं वाटून राह्यलं तुमाले."

खरंच होतं ते. चार कोसांची वाट, त्यातले दोन कोस झाले होते. झुंजूमुंजू होताना दोघी निघाल्या होत्या, तेही गाडीवाटेनं नाही, शेतांच्या बांधांवरून. ती वच्छलेची अट होती. कुणी पाहिलं आणि विचारलं, बाई कुठं निघाल्या, तर काय सांगायचं? तानुबाईला हसू आलं होतं. "चोरी करायले निघालो का आपण? चोरबी सडकेनं जाते वो."

"परत फिरायचं असन तर इथूनच फिरा," तानुबाई आता म्हणाली. "दारात जाऊन फिरलं का त्याले पळणं म्हणतात."

वच्छला बाहेर आली. काठ पिळला. शाळेतल्या शालूच्या मामाचं गाव अजून दोन कोस होतं, आणि तिथं जाऊन तिला एका तेरा वर्षांच्या मुलीला एकच वाक्य सांगायचं होतं. रात्रीपासून ती ते वाक्य मनात जुळवत होती. जुळत नव्हतं.

वच्छला जानेफळच्या आतल्या अंगाच्या एका खेड्यात मुलींच्या शाळेवर होती. वय चोवीस. अकराव्या वर्षी लग्न, चौदाव्या वर्षी कपाळ पांढरं. मग मेहकरच्या भावानं लोकांची बोलणी खाऊन तिला अमरावतीला शिकायला ठेवली. ती शिकली, मास्तरीण झाली. शाळा म्हणजे मारुतीच्या देवळामागची एक खोली, पुढं अंगण आणि सव्वीस मुली. गावात तिला नाव उरलंच नव्हतं. ती नुसती 'बाई' होती. बाईंनी सांगितलं की चंद्र पृथ्वीभोवती फिरतो, तर त्या दिवसापासून तो गावावरून फिरू लागला. तोवर तो फक्त उगवायचा आणि मावळायचा.

ही बाईंवरची श्रद्धाच शेवटी अंगाशी आली.

धुळवडीचा दुसरा दिवस होता. आठवड्यात डिप्टीसाहेब तपासणीला येणार, म्हणून पाटलांच्या घरची मोठी सतरंजी मागून आणलेली. "रंग खेळून शाळेत यायचं नाही," असं बाईंनी चार दिवस आधीपासून बजावलं होतं. पळसाची फुलं उकळून केलेला तो केशरी रंग एकदा लागला की सोडत नाही. उकंडरावांची शालू चौथीतली. हुशार. कविता म्हणायला ती उभी राहिली, आणि तिच्या जागेवर डाग दिसला.

"रंग खेळून आलीस?"

"नाई बाई."

"मग हे काय आहे?"

शालूनं मागं वळून पाहिलं आणि तिचा चेहरा कोरा झाला. मुली हसल्या. लहानग्या उगीच हसल्या. मोठ्या दोघीतिघींना कळलं होतं, त्या जास्त हसल्या.

"परक्याची सतरंजी आहे. ने अंगणात आणि धू."

शालूनं ती एवढी मोठी सतरंजी ओढत अंगणात नेली, राखेनं घासली, तांब्यानं पाणी ओतलं. वच्छला डोक्यावर उभी. पहिलाच तांब्या ओतला आणि तिला कळलं. पळसाचा रंग पाण्यात असा पसरत नाही. शालूनं हात थांबवून वर पाहिलं. तिला काहीतरी विचारायचं होतं, आणि कुणाला विचारावं हे ती शोधत होती.

दारात पंचवीस मुली उभ्या होत्या. वच्छलेनं तो शब्द जन्मात कुणासमोर मोठ्यानं उच्चारला नव्हता. तिच्या स्वतःच्या वेळी आत्यानं 'कावळा शिवला' म्हणून कुठं बसायचं तेवढं सांगितलं होतं. काय झालं ते नाही. अमरावतीला आरोग्यशास्त्राचं पुस्तक होतं, त्यातला माणूस पोटापर्यंत सगळा होता. काळीज, फुप्फुसं, आतडी, सगळी नावं लिहून. आणि पोटाखाली एकदम गुडघे.

एवढं सगळं मनात आलं असेल नसेल, तिच्या तोंडून निघालं, "घास. नीट घास. पळसाचा रंग आहे, लवकर जात नाही."

शालूनं मान खाली घातली आणि घासत राहिली.

दुसऱ्या दिवसापासून ती शाळेत आली नाही. मुलींनी घरी सांगितलं, घरांनी पाणवठ्यावर. उकंडरावांना ते चावडीवर कळलं. बापाला ते चावडीवर कळावं! त्यांनी मुलीला मामाकडं पाठवून दिलं, आणि 'आता कसली शाळा, वैशाखात उरकून टाकू' असं बोलायला लागले. परीक्षा महिन्यावर आली होती.

वच्छला रोज देवापुढं दिवा लावताना कबूल करायची. शारंगधराच्या तसबिरीपुढं हात जोडून सगळं सांगायची. देवाला सांगणं सोपं होतं. देव ऐकून घेतो, उलट विचारत नाही.

मग शनिवारी संध्याकाळी तानुबाई तिच्या खोलीच्या उंबऱ्यावर येऊन बसली.

तानुबाई म्हणजे गावची सुईण, आणि त्याहून जास्त, गावची न्हाऊ घालणारी. बाळंतीण सव्वा महिना, लेकरू सहा महिने, तिच्या हातून न्हायचं. लांबच्या गावांतूनही तिला बोलावणं यायचं. वय विचारलं तर "संवत छप्पनच्या दुष्काळात नवी नवरी होती, घाला हिशेब" म्हणायची. सासूकडून ही कला घेतली. सासूचे हात थरथरायला लागले तेव्हा पहिलं लेकरू हिच्या पायांवर आलं, आणि ते मोठं होऊन आता गावचा कोतवाल आहे. गावात पस्तिशीच्या आतलं असं कुणी नव्हतं ज्याला तानुबाईनं पायांवर पालथं घातलं नव्हतं. सावकाराच्या वाड्यात शिरताना ती जसा पदर खोचायची, तसाच अब्दुल गनींच्या घरी शिरताना. तिथल्या अमीनाच्या तिन्ही लेकरांची टाळू हिनंच भरली. नवरा कधीच गेलेला. घरी एक शेळी. कुणी रागानं बोललं तर ती शांतपणे म्हणायची, "राहू दे राजा, तुले म्या फार लहान पाह्यलं हाय." समोरचा तिथंच गप्प.

त्या संध्याकाळी ती म्हणाली, "बाई, शालीच्या मामीचं लेकरू न्हाऊ घालायले मी परवा जाऊन आली. पोरगी बसली होती एका कोपऱ्यात. पाणी पीत नाही. लाल काही खात नाही. गाजर नाही, मिरची नाही. तिले वाटते, धुळवड खेळली म्हणून पळसाचा रंग अंगात गेला आन् आता थो बाहेर येऊन राह्यला."

वच्छलेच्या हातातली वात तशीच राहिली.

"म्या सांगतलं तिले, बाप्पा, असं नसते, सगळ्यांले होते. मायनं सांगतलं. मामीनं सांगतलं. पोरगी म्हणते, तुमाले काय कळते, बाईंनी पाह्यलं, बाईंनी सांगतलं रंग हाय. बाई खोटं बोलत नाहीत."

तानुबाईनं एवढंच सांगितलं. दोष दिला नाही. वच्छलेला वाटलं, दिला असता तर बरं झालं असतं.

"त्यावर तू काय म्हणालीस तिला?"

"मी काय म्हणन? मी निरक्षर. तुमचं बोलणं पुसायले तुमीच पाह्यजे. उद्या रविवार हाय."

म्हणून ही वाट.

ऊन चढलं. खळ्यांवर गव्हाची मळणी चालली होती. बांधावरची पळसाची झाडं पानं टाकून नुसती पेटलेली. वच्छला त्यांच्याकडं न बघता चालत होती. तानुबाईच्या ते ध्यानात आलं, तरी ती बोलली भलतंच.

"बाई, तुमी शिकलेल्या. मले सांगा, लेकराले आपला हात आपला हाय हे कधी कळते?"

"जन्मतःच कळत असेल."

"नाई. तीन महिन्यांचं झालं का एक दिवस थे हाताकडं पाह्यत राह्यते. असं वर धरून. जसं काई कोणी पाव्हणा आला. मंग थो हात तोंडात घालते. चावते. तवा त्याले समजते, अरे, दुखलं, म्हणजे माहाच हाय. पायाचा अंगठा सापडायले आणखी दोन महिने. म्या शंभर लेकरं पाह्यली, सारी अशीच. आपलं अंग आपल्याले एकदम भेटत नाही. तुकड्या तुकड्यानं भेटते."

वच्छलेनं हे कुठल्या पुस्तकात वाचलं नव्हतं.

"मंग मी तेल लावतानी सांगत जातो. हे नाक बाळाचं, हा कान बाळाचा, हे पोट, हे बेंबाट. सारं सांगतो. काहीच गाळत नाही. गाळलं का लेकराले वाटते, तिथं काईतरी वंगाळ हाय. दीड-दोन वर्साचं झालं का तेच सांगते, माहं नाक, माहं पोट. मालकी येते बाप्पा! चार वर्साचं पोट्टं नुसत्या करदोड्यावर गावभर फिरते, त्याले काई नसते. मंग एक दिवस कोणीतरी हासते. बस. त्या दिवशी थे घरात येऊन मायच्या पदराआड उभं राह्यते. लाज मायच्या पोटातून येत नाही बाई. करदोड्यावानी बाहेरूनच बांधतात."

"पण लाज हवी ना गं मावशी. माणसाला लाज हवी."

"हवी. करदोडाबी हवा. पण लेकरू वाढलं का थो सैल करा लागते. नाई केला तर कातडीत रुतते. म्या काढले हायेत असे रुतलेले."

थोडं चालून ती पुन्हा म्हणाली, "नऊ-दहाची पोरगी झाली का आपणच परकराची गाठ कोणासमोर सोडत नाही. कोणी सांगा लागत नाही. पोट्ट्याचा आवाज फुटला का थे मायशी बोलायचंच बंद होते. तुले भूक लागली का, तर मानंनं हो म्हणते. अंग पुढं पळते आन् लेकरू मागं राह्यते. तवा खरं तर कोणी बोललं पाह्यजे. आन् तवाच सारे गप बसतात. माहं काम सहा महिन्यांलेच सरते. मंग लेकरू तुमच्याकडं येते, शाळंत."

वच्छलेला ते लागलं. तानुबाई टोमणा मारत नव्हती, म्हणून जास्त लागलं.

मामाचं घर गावाच्या टोकाला. तुळशीराम मामा बैल धूत होते. बाईंना पाहून त्यांनी हातातला पेंढा टाकला आणि धोतराला हात पुसत राहिले. शाळेची मास्तरीण घरी येणं म्हणजे तक्रार, एवढंच त्यांना माहीत.

"रामराम बाई. पोरीनं काई केलं का?"

"नाही. पोरीनं काही नाही केलं," वच्छला म्हणाली. पुढचं वाक्य तोंडात आलं आणि गिळलं गेलं. पुरुषासमोर कसं बोलायचं!

तानुबाईनं ओळखलं. "तुळशीराम, बैल नदीवर धू. इथं चिखल होऊन राह्यला. जाय."

"आई, पण नदी अर्धा कोस..."

"तुले म्या फार लहान पाह्यलं हाय. जाय."

मामा गेले. मामी दोन महिन्यांचं लेकरू घेऊन बाहेर आली. दोघी आत गेल्या. शालू आतल्या खोलीच्या दारात बसली होती. बाईंना पाहताच ती उठून उभी राहिली, शाळेत राहतात तशी, हात सरळ खाली सोडून. पंधरा दिवसांत गाल बसले होते. ओठ कोरडे. वच्छलेला तिच्याकडं बघवेना.

"बस शालू."

शालू बसली नाही. सारवलेल्या जमिनीकडं बघून म्हणाली, "बाई, सतरंजी साफ झाली का?"

शालू असं काही विचारेल असं वच्छलेला वाटलंच नव्हतं. रात्रभर जुळवलेलं वाक्य कुठल्या कुठं गेलं. ती खाली बसली. मास्तरीण चुलीपुढच्या जमिनीवर, मुलगी उभी.

तानुबाईनं तिकडं पाहिलंच नाही. मामीकडून तेलाची वाटी मागून घेतली, पाय लांब केले आणि लेकरू पायांवर घेतलं. हे नाक बाळाचं, हा कान बाळाचा. तिचा तो आवाज संथ चालला होता. त्या आवाजाच्या आडोशानं वच्छला म्हणाली,

"शालू, तो रंग नव्हता."

शालू हलली नाही.

"पळसाचा नव्हता, कसलाच नव्हता. तुझी आई सांगते ते खरं आहे. विटाळ म्हणतात त्याला. पाळी म्हणतात. प्रत्येक बाईला येते. महिन्याला येते, चार दिवस राहते, जाते. तू काही केलं नाहीस. धुळवड खेळून काही होत नाही. पाणी पी. गाजर खा."

"तुमीच म्हणल्या."

"मी खोटं बोलले."

मामीचा हात तोंडावर गेला. बाई खोटं बोलल्या हे ऐकणं पाळीपेक्षा मोठं होतं.

"तुमाले तवा माहीत नव्हतं का?" शालूनं विचारलं.

इथं एक वाट होती. नव्हतं माहीत, असं म्हणता आलं असतं. तेवढं तरी झाकता आलं असतं. वच्छलेला ती वाट स्पष्ट दिसली, आणि तानुबाईचा आवाज चाललाच होता, ही बोटं बाळाची, हे नख बाळाचं.

"माहीत होतं. आधी नव्हतं. तू पाणी ओतलंस तेव्हा कळलं."

"मंग घासायले काऊन लावलं?"

"लाज वाटली मला. सगळ्या मुली बघत होत्या."

शालूनं थोडा वेळ विचार केला. रागावून नाही, गणित सोडवतात तसा. मग म्हणाली, "लाज तुमाले वाटली, आन् सतरंजी म्या धुतली?"

वच्छलेच्या डोळ्यांतून पाणी आलं. तिनं ते पुसलं नाही. "हो," म्हणाली. "चूक माझी. तुझी काही नाही. मले माफ कर असं म्हणायचंही तोंड नाही मले." किती वर्षांनी तिच्या तोंडी 'मले' आलं होतं, तिचं तिलाच कळलं नाही.

लेकरू रडायला लागलं. तानुबाईनं शालूला हाक मारली, "पोरी, पाणी घाल वरून. माहे हात तेलाचे हायेत. बोटानं पाह्य आधी, कढत नाही ना." शालूनं तांब्या घेतला, बोट बुडवून पाहिलं आणि धार धरली. धार धरता धरता मान न वळवता तिनं विचारलं,

"बाई, तुमालेबी येते?"

"येते."

"शाळंत असतानी?"

"शाळेत असताना पण. भूगोल शिकवताना पण."

मामी फसकन हसली. मग शालूच्या ओठाचा एक कोपरा हलला, जेमतेम. तानुबाईनं लेकराच्या पाठीवर थाप मारली. "ऐकलं का रे, काय चाललं बायकांचं! जाय, सांग तुह्या बापाले नदीवर."

शालू मग तांब्याभर पाणी प्यायली. तिथंच उभ्यानं, घटाघटा. मामी पाहत राहिली.

पण सगळं गोड झालं असं नाही. वच्छलेनं शाळेत चल म्हटल्यावर शालूनं मान हलवली. "पोरी हासतीन."

"मी मुलींना सांगेन. आता तुला सांगितलं तसंच, सगळ्यांसमोर."

"माहं नाव घेऊ नका."

"नाही घेणार. माझं घेईन."

शालूनं तिच्याकडं पाहिलं. तो विश्वास पूर्वीचा नव्हता, चंद्र फिरवणारा. तो गेला तो गेलाच. "परीक्षेले येतो," ती म्हणाली. "शाळंत नाही येत. पुस्तकं पाठवा इथं." आणि आत निघून गेली.

उकंडरावांचं काय, हा प्रश्न मामीनं काढला. तानुबाई हात पुसत म्हणाली, "उकंड्याशी मी बोलतो. त्याचं लहानपणीचं सारं मले माहीत हाय. चारचौघांत सांगायची वेळ आणणार नाही थो." ती हे हसत म्हणाली, पण उठताना मामीच्या खांद्याचा आधार घेतला तेव्हा तिचा चेहरा उतरलेला वच्छलेनं पाहिला.

भाकरी खाऊन, ऊन कलल्यावर दोघी परत निघाल्या. वच्छलेचं मन हलकं झालं होतं असं म्हणता येणार नाही. ओझं तेवढंच होतं, फक्त आता ते कुठं आहे ते तिला माहीत होतं. उद्या सोमवार. सव्वीस मुली, एक कमी. तिनं मनात शारंगधराचं नाव घेतलं आणि या वेळी त्याला काही सांगितलं नाही. या खेपेला ती गाडीवाटेनंच चालत होती.

ओढ्याच्या अलीकडं तानुबाई एका दगडावर बसली, वहाणा काढून पाय चोळत राहिली.

"दमलीस मावशी?"

"पायानं नाही दमली." मग म्हणाली, "बाई, माही रुखमा तुमाले माहीत नाही. दुसरबीडले देली हाय. माही एकुलती एक."

वच्छलेला ते ऐकून माहीत होतं. मुलगी माहेरी येत नाही, एवढंच.

"तिचं लग्न दहाव्या वर्सीच झालं होतं. पोरगी मोठी झाली का पाठवू, असं ठरलं होतं. तेरावं लागलं आन् एका सकाळी ती माह्याजवळ आली. म्या तिले आधीच सारं सांगतलं होतं, म्हणून भ्याली नाही. कानात म्हणली, माय, झालं. पण कोणाले सांगू नको. एक महिना सांगू नको. मले इथं राहू दे." तानुबाईनं पायाची करंगळी चोळली. "म्या हाव म्हणलं. आन् दुपार व्हायच्या आत गावभर सांगतलं."

"का गं?"

"हरिख! साऱ्या गावाच्या पोरींचं मखर म्या सजवलं, माह्या पोरीचं नको? केळीचे खांब आणले. बायका आणल्या. तिले मखरात बसवली, ओटी भरली. बायका म्हणतात तशी गाणी म्हणली, थट्टेची. सारे हासले. मीबी हासली. पोरगी हिरव्या लुगड्यात मान खाली घालून बसली होती, आन् म्या म्हणलं, पाह्य कशी लाजते. लाजत नव्हती बाई. महिन्याच्या आत सासरचे घेऊन गेले."

ओढ्याचं पाणी वाजत होतं. एक बाई पलीकडून मोळी घेऊन गेली, "रामराम बाई, कुठून?" म्हणाली. "शालूला भेटून आले," वच्छलेनं सांगितलं. मोळीवाली गेली.

"तिले चार लेकरं झाली," तानुबाई म्हणाली. "पहिलं बाळंतपण मायकडं असते. साऱ्या मुलखाच्या बायका माह्या हातून सुटल्या, आन् माही पोरगी दुसरबीडच्या सुईणीकडं. चारी वेळा. म्या निरोप धाडला, तर उलट निरोप आला, मायले म्हणा कामं असतीन तिले. तिच्या एकाबी लेकराले म्या पायावर नाही घेतलं."

जी बाई सकाळपासून वच्छलेला वाट दाखवत होती, ती आता मान खाली घालून बसली होती.

"तुमी आज म्हणल्या, माहीत होतं मले. तसं म्हणायले छाती लागते. मले वीस वर्सं झाली, म्हणता नाही आलं. बाई, एक चिठ्ठी लिहून देता का माह्या रुखमाले?"

"देते की. आज घरी गेल्या गेल्या लिहिते. काय लिहू?"

"लिहा का, माय चुकली. तू सांगू नको म्हणली होती, आन् मायनं सांगतलं. हरिखानं सांगतलं, पण तुह्या अंगाची गोष्ट होती, तुही होती. तेवढं लिहा."

वच्छला थबकली. "पण मावशी, रुखमाला वाचता येत नाही ना? मग वाचणार कोण? सासरे, नाहीतर दीर, मोठ्यानं..."

"म्हणून तर इतके वर्सं लिवली नाही. पुन्हा तेच झालं असतं, साऱ्या घरादारात." तानुबाईनं वहाणा घातल्या, उठली, वच्छलेच्या दंडाला धरलं. तेलाचा वास अजून त्या हाताला होता. "पण तिची धाकटी, गीता, नऊ वर्साची झाली. शाळंत जाते. चुलीपाशी बसून मायले वाचून दाखवते म्हणतात, काई असलं तर. थेच वाचून दाखवन. तर बाई, असं लिहा का त्या लेकराले वाचता आलं पाह्यजे, सारं खरं असलं पाह्यजे, आन् वाचतानी तिनं मान खाली घालू नाही."